घाट घरात आणताना

कर्जतला पुण्याकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाडीला मागून इंजिने लागतात. पुढे भोर घाट आहे आणि घाटातला चढ सदतीसास एक, म्हणजे ३७ मीटर पुढे जाताना १ मीटर वर. पुढच्या एकट्या इंजिनाला एवढा भार चढावर ओढवत नाही. शिवाय मागून टेकू असला की कपलिंगांवरचा ताण कमी होतो, आणि एखादे तुटलेच तर डबे उतारावरून मागे सुटत नाहीत. लोणावळ्यापर्यंत ढकलण्याचे काम झाले की ही इंजिने, रेल्वेच्या भाषेत बँकर, गाडीपासून सुटतात आणि पुढच्या गाडीसाठी खाली येतात. मुंबई-पुणे ये-जा करणाऱ्या कित्येक पिढ्यांनी डब्यात बसून कर्जतचा वडा खाता खाता मागून आलेला तो हलका धक्का ओळखला आहे.

आता हाच प्रसंग घरातल्या एका खोलीत घडवायचा आहे असे समजा. पुढे एक इंजिन, मध्ये सहा डबे, मागे दोन बँकर. तिन्ही इंजिनांनी एका चालीने चढायचे. वर पोचल्यावर मागच्या दोघांनी थांबायचे आणि पुढच्याने गाडी घेऊन निघून जायचे. तिन्ही उभी आहेत एकाच रुळांवर, आणि वीज मिळते ती त्याच रुळांतून.

जुन्या पद्धतीच्या छोट्या रेल्वेत हे जमवणे फार कठीण. तिथे रुळांत साधारण १२ व्होल्टपर्यंत डीसी वीज सोडतात. नॉब फिरवला की व्होल्टेज वाढते आणि रुळांवर जे जे इंजिन उभे असेल ते ते पळू लागते. उलट दिशा दिली की सगळी उलटी. अशा मांडणीत आपण रूळ चालवतो, इंजिन नव्हे. दोन गाड्या वेगवेगळ्या चालवायच्या तर रूळ जागोजागी तोडून त्यांचे विभाग करायचे, प्रत्येक विभागाला वेगळा स्विच द्यायचा, आणि गाडी पुढे सरकेल तसे स्विच बदलत राहायचे. हौशी लोकांनी अनेक दशके हे केले, फार कौशल्याने केले. पण खेळणाऱ्याचे अर्धे लक्ष गाडीवर आणि अर्धे स्विचांच्या फळीवर, अशी त्यात विभागणी होत राहिली.

डिजिटल नियंत्रणाने हुकूम रुळाकडून काढून इंजिनाच्या पोटात नेला. या पुस्तकात पुढे जे काही आहे, सोल्डरिंगपासून संगणकावरच्या वेळापत्रकापर्यंत, ते सगळे या एका बदलातून निघालेले आहे.

हा बदल एका दिवसात झाला नाही. अमेरिकेत एमआयटी या संस्थेत १९४६ साली विद्यार्थ्यांचा एक मॉडेल रेल्वे क्लब निघाला. त्यातला एक गट डोंगर, घरे, डबे यांत रमणारा, तर दुसरा गट फळीच्या खाली. या दुसऱ्या गटाने टेलिफोन एक्स्चेंजमधले रिले वापरून, कोणती गाडी कोणाच्या हातात द्यायची हे ठरवणारी एक अजस्र यंत्रणा उभी केली. त्यात टेलिफोनच्या डायलने विभाग निवडता येई. याच मुलांनी पुढे संस्थेतल्या सुरुवातीच्या संगणकांवर रात्री जागवल्या. १९६२ चा ‘स्पेसवॉर’ हा संगणकावरचा खेळ लिहिणारा स्टीव्ह रसेल याच क्लबातला. संगणकाच्या इतिहासात छोट्या रेल्वेला हे स्थान आहे, आणि आपल्याकडे ते फारसे कोणाला ठाऊक नसते याची मला खंत वाटते. रुळांखालच्या तारा हा तर्कशास्त्राचा अभ्यास आहे, हे त्या मुलांना फार लवकर कळले होते.

ऐंशीच्या दशकात इलेक्ट्रॉनिक चिप इतकी लहान आणि स्वस्त झाली की ती इंजिनात बसू लागली. जर्मनीच्या मेर्क्लिन कंपनीने आपली डिजिटल पद्धत बाजारात आणली. त्याच देशातल्या बर्न्ट लेन्झ यांनी दोन रुळांच्या गाड्यांसाठी जी पद्धत घडवली होती, ती अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन या १९३५ पासूनच्या संघटनेने पायाभूत धरली आणि नव्वदच्या दशकात तिच्यावरून सर्वांना खुले असे मानक तयार केले. त्याचे नाव डिजिटल कमांड कंट्रोल, म्हणजेच डीसीसी. मानक खुले असल्याने रुळांत हुकूम सोडणारे एका कंपनीचे कमांड स्टेशन, इंजिनात बसून तो हुकूम वाचणारा दुसरीचा डिकोडर आणि तिसरीचे इंजिन एकत्र नांदू शकतात. नवख्या माणसाने डीसीसीच का घ्यावे, या प्रश्नाला माझे पहिले उत्तर हेच असते. कंपनी उद्या बंद पडली तरी आपली रेल्वे बंद पडत नाही.

रुळांत नेमके काय जाते ते इथेच सांगून टाकतो, कारण एकदा हे कळले की पुढची बरीचशी प्रकरणे सोपी होतात. रुळांमध्ये सतत पूर्ण व्होल्टेज असते, गाडी उभी असो वा धावत असो. एचओ (म्हणजे १:८७) आकाराला ते साधारण १५ व्होल्ट ठेवतात. फक्त दोन रुळांची ध्रुवता अतिशय वेगाने उलटसुलट होत राहते, आणि कोणती उलट किती वेळ टिकली यावरून संदेश बनतो. प्रत्येक अर्धा भाग ५८ मायक्रोसेकंदांचा असेल तर तो ‘एक’, आणि १०० मायक्रोसेकंद किंवा जास्त असेल तर ‘शून्य’. वीज आणि हुकूम दोन्ही एकाच तारेतून. संदेशाच्या सुरुवातीला ‘एक’ची लांब रांग असते, तिच्यावरून डिकोडर सावध होतो. मग इंजिनाचा पत्ता, मग वेग, दिशा किंवा दिव्याचा हुकूम, आणि शेवटी पडताळणीचा एक बाइट. तो जुळला नाही तर डिकोडर सगळा संदेश सोडून देतो. सेकंदाला शंभर-दीडशे संदेश जातात, म्हणून धुळीमुळे एखादा हुकला तरी पुढचा लगेच येतो. रुळांवरचा प्रत्येक डिकोडर प्रत्येक संदेश ऐकतो आणि आपला पत्ता नसेल तर गप्प राहतो.

नव्या डिकोडरचा पत्ता कारखान्यातून ३ असा येतो. तो बदलून आपण आपला देतो. लहान पत्ते १२७ पर्यंत, मोठे १०२३९ पर्यंत. परदेशातले हौशी लोक इंजिनावर रंगवलेला क्रमांकच बहुधा पत्ता म्हणून देतात. आपल्याकडच्या इंजिनांचे क्रमांक आता पाच आकडी असल्याने ते या मर्यादेत बसत नाहीत. शेवटचे चार आकडे घ्यावेत, तेवढ्याने हातातल्या थ्रॉटलवर इंजिन ओळखू येते.

डिकोडरच्या आत बदलता येण्याजोगी बरीच मूल्ये साठवलेली असतात. त्यांना सीव्ही म्हणतात. दुसऱ्या क्रमांकाचा सीव्ही इंजिन किती व्होल्टला हलायला लागेल ते ठरवतो, तिसरा वेग किती सावकाश वाढेल ते, चौथा किती सावकाश उतरेल ते. या तीन मूल्यांवर एक संध्याकाळ घालवावी. मालगाडीचे इंजिन झटकन सुटता कामा नये. प्रत्यक्षातले जड धूड कसे रेंगाळत निघते, थ्रॉटल बंद केल्यावरही कसे बरेच अंतर घरंगळत जाते, हे मूल्यांत उतरले की हलक्याशा मॉडेलला वजन येते. ताशी १०० किलोमीटर हा वेग १:८७ या प्रमाणात सेकंदाला फक्त ३२ सेंटिमीटर भरतो. बहुतेक लोक घरच्या गाड्या याच्या दुप्पट वेगाने पळवतात, आणि मग रेल्वे खेळण्यासारखी का दिसते असे विचारतात.

आता पुन्हा बँकरकडे. तीन इंजिने एका पत्त्याखाली बांधण्याची सोय डीसीसीत आहे. १९ क्रमांकाच्या सीव्हीत गटाचा पत्ता लिहिला की ती एकाच थ्रॉटलचे ऐकतात, आणि गट मोडला की पुन्हा आपापल्या पत्त्यावर परततात. पण नुसते बांधून भागत नाही. मागचे इंजिन पुढच्यापेक्षा जरा जरी वेगवान असेल तर मधले हलके डबे वळणावर दाबले जाऊन रुळांबाहेर फेकले जातात. हळू असेल तर पुढचे इंजिन त्यालाच ओढत बसते. म्हणून वेग जुळवावे लागतात. रुळालगत बरोबर १ मीटर अंतर खुणा करून मोजा. ताशी २५ किलोमीटर म्हणजे या प्रमाणात सेकंदाला ८ सेंटिमीटर, म्हणजे ते अंतर साडेबारा सेकंदांत कापले गेले पाहिजे. एकेक इंजिन एकटे चालवायचे, घड्याळ लावायचे, आणि डिकोडरमधला वेगांचा तक्ता (६७ ते ९४ क्रमांकांचे सीव्ही) सरकवत राहायचे. हे काम चिकाटीचे आहे. पण तीन वेगवेगळ्या बनावटीच्या मोटारी एका श्वासात चढ चढताना पाहिल्या की त्या चिकाटीचे मोल हातात पडते.

घाट घरात आणायचा तर भूगोलाशी तडजोड करावीच लागते. कर्जत ते लोणावळा अंतर २८ किलोमीटरच्या आसपास. १:८७ ने भागले तरी तीनशे वीस मीटर. जुन्या आयसीएफ डब्याची लांबी साडेचोवीस सेंटिमीटर होते, म्हणजे अठरा डब्यांची गाडी साडेचार मीटरच्या घरात जाते. फ्लॅटमधल्या खोलीला हे परवडत नाही. एका रुळावरून दुसरा नेण्यासाठी ८ सेंटिमीटर उंची घ्यायची म्हटली तर सदतीसास एक चढाने जवळजवळ तीन मीटर रूळ खर्ची पडतो. म्हणून निवड करावी. दोन बोगदे, एक दरीवरचा पूल, एक छोटे स्थानक आणि कर्जतच्या यार्डाचा एक कोपरा पुरे. १८६३ साली घाट खुला झाला तेव्हा खंडाळ्याजवळ गाडीला दिशा बदलून चढावे लागे. ते जुने रिव्हर्सिंग स्टेशन जागेच्या टंचाईत फार उपयोगी पडते, कारण तेवढ्याच लांबीच्या भिंतीवर चढ दोनदा वापरता येतो. ज्याला काळ निवडायचा आहे त्याने वाफेचा काळ निवडून ते जरूर करावे. १ जून १९३० ला ‘दख्खनची राणी’ धावू लागली ती विजेच्या इंजिनावर आणि सरळ मार्गाने, तेव्हा दोन्ही काळ एकाच फळीवर आणू नयेत असे माझे मत आहे. काळाची शिस्त पाळली की मांडणी बोलू लागते.

गेजबद्दलही आधीच मन घट्ट करावे. बाजारात मिळणारा एचओ रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचा, कारण तो युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटरच्या मार्गाचे रूप आहे. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर; त्याचे खरे रूप १९.३ मिलिमीटर व्हायला हवे. काही निष्ठावंत स्वतः स्लीपर कापून तसा रूळ घालतात आणि मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे. पहिल्या मांडणीसाठी मात्र १६.५ वरच थांबावे. गंमत अशी की आपल्या नॅरोगेजला ही अडचण येत नाही. बार्शी लाइट रेल्वे १८९७ ची, तिचा गेज ७६२ मिलिमीटर होता. विदर्भातल्या ‘शकुंतले’चाही तोच. १:८७ ने तो पावणेनऊ मिलिमीटर भरतो, आणि एन आकाराचा तयार रूळ ९ मिलिमीटरचा मिळतो. ज्याच्याकडे फक्त एक टेबल आहे त्याने घाटाचा हट्ट सोडून मूर्तिजापूर-अचलपूरची एखादी गाडी करावी. चढ नाही, वळणे लहान चालतात, डबे चारच पुरतात.

या पुस्तकातले माझे सर्वांत आवडते प्रकरण कॅच सायडिंगचे आहे. घाट उतरणाऱ्या गाडीसाठी वाटेत ठरावीक जागी हे फाटे काढलेले आहेत. ब्रेक निकामी झालेली गाडी मुख्य मार्गावरून बाजूला घ्यायची आणि चढावर चढवून थांबवायची, ही त्यामागची योजना. त्यामुळे सांधा एरवी सायडिंगकडेच लावलेला असतो. गाडी येऊन ठरल्या जागी थांबली, म्हणजे तिचे ब्रेक शाबूत आहेत असे सिद्ध झाले, की मगच तिला मुख्य मार्ग मिळतो. खंडाळ्याहून उतरताना मंकी हिलला गाडी विनाकारण थांबली असे ज्यांना वाटत आले, त्यांनी या प्रकरणात त्याचे कारण वाचावे.

घरी हे असे करता येते. सांध्याच्या अलीकडचा रुळाचा तुकडा एका बाजूने विजेपासून वेगळा काढायचा आणि त्याची वीज एका डिटेक्टरमधून न्यायची. तिथे इंजिन आले की विजेचा प्रवाह वाहतो आणि विभाग व्यापला गेल्याचे कळते. डबे वीज खात नाहीत, म्हणून निदान शेवटच्या डब्याच्या एका आसावर दहा हजार ओहमचा बारीक रेझिस्टर चिकटवायचा. म्हणजे शेपूट अजून विभागात आहे की नाही तेही कळते. मग संगणकाला नियम द्यायचा : अलीकडचा विभाग व्यापलेला, पलीकडचा मोकळा, आणि ही स्थिती दहा सेकंद टिकली, तर सांधा मुख्य मार्गाला लाव आणि सिग्नल दे. शेवटचा डबा पार झाला की सांधा पुन्हा सायडिंगकडे. नियम चार ओळींचा, पण तो चालताना पाहिला की रेल्वे सुरक्षित का धावते हे जितके उमजते तितके वाचून उमजत नाही. शाळकरी मुलांना हे जरूर दाखवावे. तर्काचा नियम डोळ्यांसमोर लोखंड हलवतो, हा अनुभव त्यांना एरवी सहसा मिळत नाही.

असा नियम लिहिण्यासाठी पैसे मोजायची गरज नाही. जेएमआरआय ही जावा भाषेतली आज्ञावली मोफत आणि खुली आहे. कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथले भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट जेकबसन यांनी तिची सुरुवात केली. तिच्यातला भाग उचलून, परवान्याच्या अटी न पाळता वापरल्याबद्दल त्यांनी अमेरिकेत दावा लावला, आणि २००८ साली फेडरल सर्किट अपील न्यायालयाने निर्णय दिला की खुल्या परवान्याच्या अटी मोडणे हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो. जगभरच्या खुल्या सॉफ्टवेअरला कायद्याचा मोठा आधार ज्या खटल्याने मिळाला तो छोट्या रेल्वेच्या हौसेतून निघालेला आहे. कमांड स्टेशनही घरी बनते : एक आर्डुइनो बोर्ड, त्यावर मोटार चालवणारे शील्ड, १५ व्होल्टचा चांगला पॉवर सप्लाय, आणि डीसीसी-ईएक्स ही मोफत आज्ञावली. पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड इथे हे सामान सहज मिळते. आयात केलेल्या तयार संचाच्या तुलनेत खर्च फार कमी येतो, आणि बिघडले तर दुरुस्त करणारा माणूस घरातच असतो.

जुन्या इंजिनात डिकोडर बसवणे हे एकच काम घाईने करू नये. तारांचे रंग ठरलेले आहेत : लाल उजव्या रुळाकडून, काळी डाव्या रुळाकडून, नारिंगी आणि करडी मोटारीला, निळी दिव्यांची सामाईक, पांढरी पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्या. खरा धोका रंगांत नाही. जुन्या इंजिनांत मोटारीचा एक ब्रश बहुधा थेट धातूच्या सांगाड्याला टेकलेला असतो आणि सांगाडा रुळाशी जोडलेला. तसाच डिकोडर जोडला तर तो पहिल्याच क्षणी जळतो. म्हणून आधी मोटार सांगाड्यापासून पूर्ण वेगळी करा, मल्टिमीटर लावून मोटारीची दोन्ही टोके आणि दोन्ही रुळांची चाके यांत कुठेही संबंध उरलेला नाही हे तपासा, आणि मगच सोल्डरिंग आयर्न हातात घ्या.

आपल्या हवेचा विचार परदेशी पुस्तकांत सापडत नाही. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात लाकूड फुगते, आणि ते रुळांपेक्षा जास्त हलते. प्लायवुड चांगल्या प्रतीचे, पाण्याला टिकणारे घ्या आणि त्याला वरून, खालून, कडांनाही वार्निश द्या. एकच बाजू रंगवली तर फळी वाकते. रूळ निकेल सिल्व्हरचे असतात, म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त. ते गंजत नाहीत, पण त्यांच्यावर काळपट थर धरतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती फडक्याने ते पुसावेत. सँडपेपर कधीही लावू नये, कारण त्याच्या ओरखड्यांत घाण आणखी बसते. डोंगर-दऱ्यांची मात्र आपल्याला चिंता नाही. ज्या मुलखात दर दिवाळीला अंगणात मातीचे किल्ले उभे राहतात, तिथे सह्याद्रीचा कडा कसा उतरतो आणि गवत कुठे पिवळे पडते हे कोणाला शिकवावे लागत नाही.

ज्याला वाचण्याआधी पाहायचे आहे त्याने पुण्यात कोथरूडला जावे. तिथे भाऊसाहेब जोशी यांनी उभे केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांना खुले आहे. अनेक गाड्या एकमेकींची वाट न अडवता एका मोठ्या मांडणीवर कशा फिरतात, सिग्नल कसे बदलतात, हे मराठी माणसाच्या चिकाटीने साकारलेले तिथे दिसते. लहान मुलांना घेऊन जा, पण स्वतःसाठी थोडा वेळ राखून ठेवा आणि सांध्यांकडे बघा.

वाचकाने प्रकरणे क्रमाने वाचावीत असा माझा आग्रह नाही, पण तारांचे प्रकरण कोणी टाळू नये. फळीखालून दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची जाड जोडतार फिरवायची आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला तिच्यातून अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या आखूड तारा द्यायच्या. रुळांच्या सांध्यांमधून वीज पुढे जाईल या भरवशावर राहायचे नाही. प्रत्येक तुकडा जोडून झाला की दोन रुळांवर आडवे रुपयाचे नाणे ठेवायचे. रुळांना वीज पुरवणाऱ्या बूस्टरने त्याच क्षणी वीज तोडली पाहिजे. तोडली नाही तर तारा बारीक आहेत किंवा सोल्डर कच्चे आहे, आणि खऱ्या शॉर्टसर्किटच्या वेळी ती वीज इंजिनाच्या चाकांतून आणि डिकोडरमधून वाहत राहील. ही चाचणी पूर्ण मांडणी झाल्यावर घेण्यात अर्थ नाही. एक तुकडा, एक नाणे, मग दुसरा तुकडा.